नववी शिंक

दूध करपलं आणि त्याला कळलं नाही. कळलं ते समोरच्या बाईंना, आणि तेही त्यांच्या बंद दारातून, मधली जिन्याची जागा ओलांडून. त्यांनी आधी बेल दाबली, मग दार बडवलं, आणि तो दार उघडेपर्यंत त्या ओरडल्यासुद्धा, "अहो, दूध करपलंय की! आहात का घरात?" तो घरातच होता. घरात म्हणजे कुठं, तर स्वयंपाकघरात, शेगडीपासून दोन हातांवर, डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवून, मान मागं टाकून खुर्चीत बसलेला. बाई त्याला बाजूला सारून आत शिरल्या, गॅस बंद केला, पातेलं फडक्यानं धरून नळाखाली ठेवलं. चर्र आवाज झाला, धुराचा एक लोट उठला, आणि बाई पदर नाकाला लावून खोकल्या. तो मात्र त्या धुरात उभा राहून तो धूर नुसता बघत होता. "मला वाटलं, गॅसवर ठेवून खाली गेलात," बाई म्हणाल्या. "नाही, इथंच होतो." "इथंच? मग नाक कुठं ठेवलं होतंत?" बाईंनी खिडकी उघडायला हात पुढं केला तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच, "खिडकी नको!" बाईंनी त्याच्या लाल, सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं, मग खिडकीच्या काचेबाहेर पाहिलं. खाली रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडांना तुरे लोंबत होते आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर पिवळा थर बसला होता. "हां, तुमचे ते दिवस सुरू झाले वाटतं," त्या म्हणाल्या, आणि भांडं घासायला राख वापरा की काय असं काहीतरी सांगत निघून गेल्या.

त्या गेल्यावर तो घरभर वास घेत फिरला. साबणाची वडी नाकाशी धरली, ती फक्त गार आणि गुळगुळीत लागली. कॉफीचा डबा उघडून त्यात तोंड घातलं, तर पूड नाकपुडीला चिकटली एवढंच. बुटांचं पॉलिश, डोक्याला लावायचा बाम, गॅसच्या नळीचा सांधा, एक-एक करून त्याने सगळं हुंगलं, आणि एखाद्या माणसाने ओळखीची दारं ठोठावत जावं आणि कुणीच दार उघडू नये तसं त्याला झालं. नाक दरवर्षी जायचं. या तीन-चार आठवड्यांत ते जाणार हे त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं. पण दरवर्षी ते पहाटे क्षणभर यायचं. उशीवर मान वळवताना एक नाकपुडी सुटायची, आणि त्या सुटलेल्या फटीतून कुठला तरी वास यायचा, खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या चहाचा नाही तर रात्रभर बंद असलेल्या खोलीचा. यंदा तेही नव्हतं. नाकाच्या डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवलं होतं की काही जणांचं वय झालं की वास उशिरा परततो, आणि एखाद्याचा पुरता परततही नाही. त्याचं वय सेहेचाळीस. शेवटी तो आतल्या खोलीत आला आणि कपाटावर ठेवलेल्या पिशवीकडं बघत उभा राहिला. एवढा वेळ घरातल्या फडतूस वस्तू हुंगत फिरलो ते हिच्यासाठीच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पिशवी ताईने पाठवली होती. वडील कधीच गेले होते; आई थंडीत गेली, आणि भाड्याचं घर रिकामं करून किल्ली मालकाला देण्याचं काम ताईवर पडलं, कारण ती त्याच गावात राहायची. मोठ्या बहिणींच्या वाट्याला अशी कामं न सांगता येतात. तिने भांडी वाटली, कपाट दिलं, आणि याच्या वाट्याचं म्हणून एक जाड प्लास्टिकची पिशवी गाठ मारून, खोक्यात घालून पाठवली. आत चिठ्ठी होती: "शिंकोबा, तुझ्या चादरी आणि अभ्रे. आईने घडी घालून ठेवलेत तसेच आहेत. मी हात लावलेला नाही." पिशवी येऊन दोन आठवडे झाले. खोकं त्याने फोडलं होतं, चिठ्ठी वाचली होती, पण पिशवीची गाठ सोडली नव्हती. वास हा असा असतो, की कोंडून ठेवला तर राहतो, पण उघडला की पहिल्या श्वासाला जेवढा मिळेल तेवढाच आपला. तो पहिला श्वास बंद नाकाने वाया घालवायचा नव्हता. आणि हे काही नुसतं आईच्या आठवणीचं लाडिक प्रकरण नव्हतं. त्याला त्या वासावरून एक गोष्ट ठरवायची होती. चादरीला उन्हाचा वास येतो की घरात वाळलेल्या कापडाचा कुबट वास येतो, एवढंच. ताईला विचारून ते एका मिनिटात कळलं असतं. पण ताईला विचारायचं, तर का विचारतोय हेही सांगायला लागलं असतं, आणि ते सांगायची त्याची छाती होत नव्हती.

घराच्या मागं अंगण होतं, अंगणात एक झाड होतं, आणि झाडाच्या बुंध्यापासून न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत एक तार बांधलेली होती. झाडाचं नाव त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्याला पानं फुटायच्या आधी तुरे यायचे, बोटभर लांब, सुरवंटासारखे, आणि वारा आला की त्यातून पिवळा धूर निघायचा. तो सात वर्षांचा असताना पहिल्यांदा त्याला शिंका सुरू झाल्या. एक, दोन, तीन, मग डोळ्यांतून पाणी, मग पुन्हा एक, दोन, तीन. वडील पेपर तोंडापुढं धरून बसायचे आणि दर शिंकेला पेपर इंचभर वर सरकवायचे, बस, त्यांची काळजी तेवढीच. आई मात्र कंबर कसून उभी राहिली. धूळ, असं तिने ठरवलं. लेकाला धूळ सोसत नाही. मग त्या दिवसांत ती त्याची चादर आणि उशीचा अभ्रा रोज धुऊ लागली. रोज म्हणजे रोज. साबणाने तिच्या बोटांची पेरं फाटायची, त्यांवर ती रात्री तेल लावायची. धुतलेली चादर ती पिळून, दोन्ही टोकांना झटकून, अंगणातल्या तारेवर टाकायची, अगदी मधोमध, जिथं ऊन सगळ्यात जास्त वेळ राहतं तिथं, आणि संध्याकाळी काढून आणायची. उन्हाने सगळं मरतं, असं ती म्हणायची. रात्री ती कडक, उबदार चादर अंथरली की त्यात तो तोंड खुपसून पडायचा. तिला साबणाचा वास यायचा, उन्हाचा यायचा, आणि त्यांच्या खाली आणखी एक वास असायचा, जरासा कडसर, हिरवट. तो आईचा वास, असं त्याने कुणी न सांगता धरून टाकलं होतं.

आणि मग शिंका सुरू व्हायच्या. स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "किती झाल्या?" तो मोजून सांगायचा, "पाच." "अजून चार आहेत. नऊ झाल्या की सुटलास." हे नऊ तिने कुठून काढलं होतं देव जाणे, पण तिचा त्यावर विश्वास होता, आणि ती विचारायची म्हणून तो मोजायचा, आणि मोजायचा म्हणून की काय, बहुतेक वेळा नऊवर थांबायच्याही. ताई पलीकडच्या अंथरुणातून म्हणायची, "दुसऱ्यांच्या नुसत्या बोलण्यात नाकी नऊ येतात, आपल्याकडे खरोखरचे येतात." आठवी शिंक आणि नववी शिंक यांच्यामध्ये कधी कधी बराच वेळ जायचा. तो तोंड उघडं टाकून, छतातल्या दिव्याकडं बघत वाट बघायचा, आणि सगळं घर त्याच्याबरोबर थांबलेलं असायचं. स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबायचं. मग ती नववी यायची, आणि आई आतून म्हणायची, "झालं. झोप आता." त्याला आत्ता कपाटासमोर उभं राहून ते "झालं" इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्याने मागं वळून पाहिलं. मागं दारातून स्वयंपाकघरातली शेगडी दिसत होती आणि तिच्यावर करपलेल्या दुधाचा डाग.

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. पुढं काचेची कपाटं आणि आरसे, मागं एक लांबट अंधारी खोली, तिच्या एका टोकाला तपासणीची खुर्ची आणि दुसऱ्या टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता. माणसाच्या नाकावर चाचणीची जड गोल फ्रेम चढवायची, तीत एक-एक काच सरकवायची, आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय की मघाशी?" दिवसातून दोन-अडीचशे वेळा तो हा प्रश्न विचारत असेल. हे काम माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन करायचं, त्यामुळे या दिवसांत त्याची फार पंचाईत व्हायची. शिंक येणार असं वाटलं की तो काच हातात तशीच ठेवून, "एक मिनिट हं," म्हणून पडद्यामागं जायचा. दुकानाचे मालक पुढून ऐकायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "डोळ्यांचं काम आहे ना, फार हळवा माणूस आहे, रडून घेतो मधून मधून." स्वतःचे डोळे लाल, गळणारे, आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघायचं. एका आजोबांनी तर त्यालाच खुर्चीत बसवायला सुरुवात केली होती. हसायला यायचं खरं, पण त्या हसण्याच्या तळाशी एक जुना काटा होता. त्याला डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेशाची परीक्षा नेमकी याच दिवसांत यायची. त्या वर्षी आदल्या आठवड्यात आईने चादरीबरोबर पांघरूणही रोज धुवायला काढलं, पडदेसुद्धा धुतले, सगळं तारेवर वाळवलं, आणि परीक्षेच्या सकाळी त्याचे डोळे इतके सुजले की पापण्या बोटांनी उघडून धरायला लागल्या. दुसऱ्या पेपरला त्याला प्रश्न वाचता येईनात. पुन्हा बसायची त्याची तयारी नव्हती, वडिलांचीही नव्हती, आणि तो चष्म्याकडं वळला. आयुष्य काही बिघडलं नाही. पण काटा राहिला.

दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, तो पहिल्यांदा धड नाकाच्या डॉक्टरांकडं गेला. त्यांनी दंडावर ओळीने टोचून पाहिलं, एक ठिपका लाल होऊन टरारून फुगला, आणि त्यांनी सांगितलं की तुम्हाला धूळबीळ काही नाही, परागांचा त्रास आहे, झाडांच्या. मग त्यांनी छापील सूचनांचा एक कागद दिला. खिडक्या बंद ठेवाव्यात. बाहेरून आल्यावर अंघोळ करावी, केस धुवावेत. नाक मिठाच्या पाण्याने धुवावं. आणि चौथी सूचना अशी होती, की कपडे, विशेषतः चादरी आणि अभ्रे, बाहेर वाळत घालू नयेत, ओल्या कापडाला पराग चिकटतात. तो दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून ते वाचत होता आणि आधी त्याला हसू आलं, खरंखुरं, पोट धरून. मग त्याने तिथूनच आईला फोन लावला. गंमत म्हणून सांगायला सुरुवात केली, अगं आई, ऐक तर खरं. पण सांगता सांगता ती गंमत कुठं तरी संपली. जितकं जास्त शिंकायचो तितकं तू जास्त धुवायचीस, आणि जितकं धुवायचीस तितकं मी शिंकायचो, असं बोलताना त्याचा आवाज चढला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे इतकी वर्षं तूच मला आजारी पाडत होतीस. माझी परीक्षा तुझ्या चादरींनी घालवली." मग आई म्हणाली, "बरं." आणि जरा थांबून, "जेवलास का?"

पुढं सहा महिन्यांनी त्याने तिला तीन चादरी पाठवल्या, पांढऱ्या, निळ्या काठाच्या, चांगल्या जाड सुताच्या. चूक झाली असं म्हणायला जीभ वळत नाही तेव्हा माणूस अशा वस्तू पाठवतो. ती फोनवर म्हणाली, "छान आहेत, तू आलास की घालीन." आणि गेल्या वर्षी याच दिवसांत तो चार दिवस गेला तेव्हा त्याने पाहिलं, घराच्या आतल्या बोळात, एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत एक नवी दोरी बांधलेली होती. तीवर त्याची निळ्या काठाची चादर टाकलेली होती, ओलसर, तिच्याखालून वाकून जायला लागायचं. अंगणाचं दार लावलेलं. खिडकीतून पाहिलं तर बाहेरची तार रिकामी, तीवर चार-पाच चिमटे नुसते, आणि पलीकडं झाड आपलं काम करत होतं. रात्री त्याने त्या चादरीत तोंड खुपसलं तर कुबट वास आला. त्या चार दिवसांत त्याला फार तर दोनदा शिंका आल्या. आई सकाळी म्हणाली, "बरं वाटतंय ना?" तो म्हणाला, "हो." किती झाल्या, असं तिने विचारलं नाही, विचारायला काही नव्हतंच. आणि त्याला झोप मात्र आली नाही. तो पडल्या पडल्या विचार करत राहिला की संध्याकाळी तारेवरचे कपडे काढायला आई जायची ती अर्धा अर्धा तास परत यायची नाही. कपडे काढायला पाच मिनिटं पुरे. पण ती चादरीचं टोक हातात धरून झाडाखाली उभी राहायची, भिंतीपलीकडच्या बाईंशी बोलायची, नाही तर कुणाशीच बोलायची नाही, उन्हाकडं पाठ करून नुसती उभी. दिवसभरात तिच्या एकटीचं असं तेवढंच होतं. आपण एका वाक्यात ते दार बंद केलं. त्याला उठून म्हणावंसं वाटलं, आई, काढ ती दोरी. तो म्हणाला नाही. थंडीत ती गेली, आणि ते वाक्य त्याच्याकडं तसंच राहिलं. ती शेवटपर्यंत आतच वाळवत राहिली की पुन्हा अंगणात गेली, हे विचारायला आता एकच जागा होती, ती गाठ मारलेली पिशवी.

म्हणून तो त्या आठवड्यात नाकाच्या मागं हात धुऊन लागला. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढलं. डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेतली, इतकी की चष्म्याच्या काचांवर तासभर धुकं राहिलं. डॉक्टरांनी फवारा बदलून दिला, वर गोळी दिली, तिने झोप आली पण वास आला नाही. "घाई कशाची आहे?" डॉक्टर म्हणाले. "मोसम संपला की बघू." त्यांना काय सांगणार? की प्लास्टिकमधूनसुद्धा वास रोज थोडा थोडा जातो आणि तो मला ऐकू येतो, असं सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच डॉक्टरांकडं पाठवलं असतं. रोज सकाळी तो साबणाची वडी हुंगायचा. रोज ती नुसती गार असायची.

शनिवारी दुकानात एक आजी आल्या. मागच्याच महिन्यात त्याने त्यांना नवा नंबर काढून दिला होता, आणि आज त्या चष्मा घेऊन जायला आल्या होत्या. जुन्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, काचांवर चरे. त्याने नवा चष्मा त्यांच्या कानांवर बसवला, तक्त्याकडं बघायला सांगितलं, आणि विचारलं, "आता बरं दिसतंय की मघाशी?" "आता, आता," आजी म्हणाल्या, "अगदी लख्ख." त्यांनी त्याच्या गळणाऱ्या डोळ्यांकडं बघून "जप बाबा," असंही म्हटलं, पिशवी सावरली आणि निघाल्या. काचेच्या दारापलीकडं पायरीवर त्या थांबल्या. त्याला वाटलं, पायरीचा अंदाज येत नसेल, पुढं होऊन हात द्यावा. तेवढ्यात आजींनी इकडंतिकडं पाहून नवा चष्मा काढला, डबीत घातला, डबी पिशवीच्या तळाशी ढकलली, आणि दोरा बांधलेला जुना चष्मा डोळ्यांवर चढवून झपाझप चालू लागल्या. मालकांनीही ते पाहिलं. "बघा," ते म्हणाले, "तुमच्यासमोर लख्ख, आणि बाहेर पडल्या की आपलं तेच खरं." तो हसला, मग हसू येता येता शिंक आली, आणि तो पडद्यामागं गेला. पडद्यामागं बराच वेळ उभा होता. शिंकून झालं होतं तरी.

रविवारी सकाळी, खरं तर सकाळ संपत आली होती, त्याने पिशवी कपाटावरून खाली काढली. उघडायला नाही, नुसती जागा बदलायला, तिथं ऊन यायला लागलं होतं म्हणून. पलंगावर ठेवताना त्याचा अंगठा आत गेला. तळाशी एक चीर होती, चांगली चार बोटं लांब. खोकं फोडताना त्यानेच सुरी जोरात चालवली होती, ती ही. म्हणजे जवळजवळ तीन आठवडे गाठीवर पहारा केला आणि तळाला भोक. तो पिशवीशेजारी बसला आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, "शाबास." जे काही जायचं होतं ते केव्हाच निघून गेलं होतं, त्याच्याच खोलीत, त्याच्याच बंद नाकासमोरून, आणि खिडक्या बंद असल्यामुळे चार दिवस इथंच घुटमळलंही असेल. त्याला हुंदका येईल असं वाटलं, पण आधी राग आला, आणि रागाच्या भरात त्याने गाठ न सोडता पिशवी चिरेपासून फाडली.

वर दोन जुन्या चादरी होत्या, धुऊन विरलेल्या, कोपऱ्यावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लाल दोऱ्याने घातलेलं. त्यांखाली निळ्या काठाच्या तिन्ही पांढऱ्या. वरची त्याने उचलून नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं. काही नाही. कापडाचा गारवा फक्त. ऊन नाही, कुबट नाही, साबण नाही, आई नाही. त्याने पुन्हा ओढलं. मग त्याने चादर मांडीवर घेतली आणि घडी उलगडली. आतल्या घडीच्या रेघेवर त्याला काहीतरी दिसलं. खिडकीच्या उजेडात धरलं. पांढऱ्या सुतावर, घडी पडली होती तिथं तिथं, अगदी बारीक पिवळी रेघ होती, खडूने ओढावी तशी. त्याने उठून कामाच्या पिशवीतलं भिंग आणलं, काचांवरचे चरे बघायला वापरायचा ते, आणि चादरीवर वाकला. पिवळी पूड होती. काठाच्या शिवणीत एक सुकलेला तुरा अडकलेला होता, अर्ध्या बोटाएवढा, चपटा झालेला. ही चादर त्याने स्वतः पाठवली होती. त्या फोननंतर. म्हणजे ती तारेवर गेली असेल तर गेल्याच वर्षी, त्या दोरीनंतर, त्या चार दिवसांनंतर.

त्याने ताईला फोन लावला. मागं तिच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. "बोल शिंकोबा, कितवी चालू आहे?" "ताई, ती बोळातली दोरी." "कुठली?" "आईने आत बांधलेली. चादरी वाळवायला." "अरे, ती होय!" ताई हसायला लागली. "तू येणार म्हटलं की आदल्या दिवशी मला बोलवायची. तिचा हात खिळ्याला पुरत नव्हता ना. तू गेलास की संध्याकाळी लगेच सोडायची. मला म्हणायची, त्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, तो असेपर्यंत त्याचं मन राखू या." "आणि एरवी?" "एरवी काय, तारेवर. तुझ्या चादरी तर दर आठवड्याला धुवायची त्या दिवसांत, तू नसलास तरी. अवचित आलास तर स्वच्छ असाव्यात म्हणून. मी म्हटलं, अगं, डॉक्टर काय म्हणालेत, तर म्हणते कशी, डॉक्टर शिकलेला असेल, पण उन्हात वाळलेल्या कापडाने कधी कुणाला काही झालंय होय?" पलीकडून शिट्टी झाली. मग त्याने विचारलं, "मी तिला एकदा फोनवर बोललो होतो. परीक्षेचं." "सांगितलंय तिने मला," ताई म्हणाली, अगदी सहज, गॅस बारीक करता करता म्हणावं तसं. "मी चिडले होते तुझ्यावर, खरं सांगते. पण तीच म्हणाली, त्याला परीक्षेचं अजून लागून राहिलंय गं. माझ्यावर ढकलून हलकं वाटत असेल तर ढकलू दे. मी काय कुठं पळून जातेय." पलीकडं कुकर उतरवल्याचा आवाज आला. "ऐकतोयस ना? रडतोयस की काय?" "नाही," तो म्हणाला, "डोळ्यांतून येतंय पाणी, ते मोसमाचं." "हो, हो, मोसमाचं," ताई म्हणाली, आणि तिचाही आवाज नेहमीसारखा राहिला नाही.

फोन ठेवून तो चादर मांडीवर घेऊन बसला. तिने त्याचं मानलंच नव्हतं तर. ती रोज संध्याकाळी त्या झाडाखाली उभी होती, शेवटपर्यंत, टोक हातात धरून, उन्हाकडं पाठ करून, अर्धा अर्धा तास. त्याचं वाक्य तिने ऐकलं, बरं म्हणाली, ते पिशवीच्या तळाशी ढकललं आणि आपल्या मनासारखं चालू ठेवलं. त्याला इतकं हलकं वाटलं की भीतीच वाटली. मग त्याने पलंगावरची आपली चादर ओढून काढली, घरातच, न्हाणीघराच्या दांडीवर, डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे वाळवलेली, निर्दोष चादर, आणि ती कोपऱ्यात टाकून निळ्या काठाची पलंगावर पसरली. आई झटकायची तशी दोन्ही टोकं धरून झटकली. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात पिवळी धूळ उठली, थोडी, पण दिसण्याइतकी, आणि सावकाश खाली बसली. तो पालथा पडला आणि तीत तोंड खुपसलं.

वास आला नाही. पण नाकाच्या मुळाशी, खूप आत, कुठं तरी एक ओळखीची खाज उठली, आणि पहिली शिंक आली. मग दुसरी, तिसरी. तो उठून बसला, डोळे गळत, छाती दुखत, आणि मोजू लागला, आपोआप, कुणी न सांगता. चार. पाच. समोरच्या बाईंच्या दारापलीकडं कुणी तरी हसल्यासारखं वाटलं. सहा. सात. आठवी फार मोठी होती, तिने पलंग हलला. मग सगळं थांबलं. तो तोंड उघडं टाकून, छताकडं बघत, पुढची येईल म्हणून बसला. ती आली नाही. घर गप्प होतं, शेगडी थंड होती, दुपार व्हायला आली होती. त्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग मान स्वयंपाकघराकडं वळवून, आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितलं, "आठ झाल्या गं."